रफू : दिसू नये म्हणून केलेलं काम

शीर्षक वाचून काही जणांना वाटेल, मासिकाच्या संपादकांनी चुकून 'गृहिणी विशेषांका'चा लेख इंजिनिअरिंग कॉलेजच्या अंकात टाकला. तसं नाही. लेख इंजिनिअरिंगचाच आहे. फक्त यात मशीन नाही, कॉम्प्युटर नाही, आणि ज्याच्याकडून मी हे शिकलो त्याने कुठल्याही कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. ते कसं, ते सांगतो.

झालं असं, की कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आठवड्यात मी बाबांचा कोट घेऊन पुण्याला आलो. बाबांच्या लग्नातला, २००१ सालचा. राखाडी रंगाचा, बारीक वीण, आणि मला खांद्यात अगदी फिट बसणारा. नवीन ब्लेझर घ्यायचा तर निदान चार हजार; तेवढ्यात माझं महिनाभराचं मेसचं बिल भागतं. कोट देताना आईने एकच वाक्य उच्चारलं, "जपून रे, माझ्या बाबांनी दिलेला आहे." म्हणजे माझ्या आजोळचा, जावयाला मानाचा दिलेला सूट! आणि स्वारगेटला उतरून शेअर रिक्षात बसलो, तर सीटच्या कडेचा निघालेला पत्रा बाहीत अडकला. 'टर्र' असा आवाज झाला. कोपराच्या वर इंग्रजी 'एल' अक्षरासारखा फाटला होता. एक भुजा दोन सेंटीमीटर, दुसरी दीड. घरी सांगायची हिंमत नव्हती आणि इंटरव्ह्यू चार दिवसांवर होता.

रूमवर सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला, आतून फेविक्विक लाव. दुसरा म्हणाला, हात खाली ठेवूनच बस, दिसणार नाही. शेवटी आमच्या मेसच्या काकू म्हणाल्या, "अरे, रफू करून घे की! रविवार पेठेत जा, कुणालाही विचार."

रफू हा शब्द आपण सगळ्यांनी ऐकलेला असतो, निदान 'रफूचक्कर' होण्यापुरता तरी. पण रफू म्हणजे नेमकं काय, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. माझी समजूत अशी, की फाटलेल्या जागी बारीक टाके घालून ते ओढून घ्यायचं. चाचांनी (आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणू लागलो) पहिल्या पाच मिनिटांत माझी ती समजूत दुरुस्त केली.

शिवणं वेगळं, विणणं वेगळं

दुकान म्हणजे दोन दुकानांच्या मधली जिन्याखालची जागा. एक माणूस मांडी घालून बसेल एवढी. डोक्यावर एक पांढरा दिवा, मांडीवर उशी, समोर सुयांचा डबा. चाचांचं वय सत्तरीच्या पुढे असावं. त्यांनी कोट घेतला, फाटलेल्या जागेकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी कोट उलटा केला आणि आतल्या शिवणी तपासायला लागले.

मी म्हटलं, "चाचा, फाटलंय ते बाहेरून आहे."

"ते दिसतंय की बेटा. फाटलं कुठे ते सगळ्यांनाच दिसतं. धागा कुठून मिळणार, ते बघतोय."

रफूचं सगळं तंत्र या एका वाक्यात आहे. शिंपी फाटलेल्या दोन कडा एकमेकींना जोडतो. तिथे शिवण येते, कापड ओढलं जातं, आणि दिसतं. ठिगळ लावणारा वरून दुसरं कापड बसवतो. ते तर लांबूनही दिसतं. रफूगर यातलं काहीच करत नाही. तो तुटलेले धागे एकेक करून परत विणतो. म्हणजे मागावर जे झालं होतं, तेच हाताने, एका सुईने, नखाएवढ्या जागेत पुन्हा करतो. आणि त्यासाठी धागा बाजारातून आणत नाही. बाजारात तोच रंग, तीच जाडी, तोच पीळ मिळणं जवळपास अशक्य. धागा त्याच कपड्यातून काढायचा, जिथून काढला ते कुणाला कळणार नाही अशा जागेतून : खालच्या दुमडीतून, बगलेच्या शिवणीच्या आतून, खिशाच्या झाकणाच्या मागून.

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्याकडे शिंपी 'माया' म्हणतात. "ब्लाऊजला जरा माया ठेवा हो" हे वाक्य आपण घरी शंभरदा ऐकलेलं असतं. अंगाने भरलं तर कपडा सैल करता यावा म्हणून ती माया. पण फाटलं तर रफूला धागा मिळावा, हा तिचा दुसरा उपयोग. ज्या कपड्याला माया नाही, त्याचा रफू नाही. हल्लीच्या बऱ्याच रेडिमेड कपड्यांत कापड वाचवायला शिवणीला अगदी लागून ओव्हरलॉक मारलेलं असतं. चाचांच्या भाषेत, "या कपड्यात माया नाही, मी काय करणार?"

फाटतं 'एल' आकारातच का?

आता थोडं आपल्या अभ्यासातलं. विणलेल्या कापडात दोन दिशांचे धागे असतात : उभा ताणा आणि आडवा बाणा. खिळ्यात अडकून कापड फाटतं तेव्हा जोर तिरपा लागला, तरी फाटायची रेघ बहुतेक वेळा धाग्यांच्या दिशेनेच जाते. एकतर ताण्याला समांतर नाहीतर बाण्याला. म्हणून काटकोनात फाटतं. आणि एक गोष्ट तुम्ही कधीतरी पाहिली असेल. धडधाकट कापड दोन हातांनी सरळ ओढून तोडता येत नाही, पण कडेला एक कात्री मारली की टर्रकन फाटत जातं. कारण ओढताना जोर शेकडो धाग्यांत वाटला जातो, आणि फाटताना तोच सगळा जोर टोकावरच्या दोन-चार धाग्यांवर येतो. ते तुटले की पुढचे दोन-चार. क्रॅकच्या टोकाशी होणारं 'स्ट्रेस कॉन्संट्रेशन' आपण थर्ड इयरला आकृती काढून शिकतो. माझ्या बाहीवर ते प्रॅक्टिकलला आलं होतं.

एक दिलासा होता. फाटण्यात कापड हरवलेलं नव्हतं, फक्त धागे तुटले होते. जळालं किंवा कसर लागली, तर तिथलं कापडच नाहीसं होतं आणि काम वाढतं. अंदाजासाठी हिशोब करून पाहू. सुटिंगच्या कापडात एका सेंटीमीटरला २५ उभे आणि २२ आडवे धागे धरा. माझ्या 'एल'च्या दोन भुजांत मिळून ऐंशीच्या आसपास धागे तुटले होते. हे ऐकल्यावर मला वाटलं, चाचा आता नकार देणार. ते म्हणाले, "परवा संध्याकाळी ये. साडेतीनशे रुपये."

आधी परीक्षा, मग ऑपरेशन

डॉक्टर जसा आधी रक्त तपासतो, तसं चाचांनी आतल्या मायेतून एक धागा ओढला आणि काडी पेटवून जाळला. हवेत केस जळल्यासारखा वास आला, आणि टोकाला एक बारीक काळी कडक गोळी उरली. "टेरिवूल," त्यांनी निकाल दिला. केसांचा वास म्हणजे लोकर (लोकर आणि आपले केस, दोन्ही केराटिन नावाच्या प्रथिनाचे), आणि गोळी म्हणजे पॉलिएस्टर वितळून गोठलं. सुती धागा असता तर कागद जळल्यासारखा वास आला असता आणि मऊ राख उरली असती. आपण लॅबमध्ये मटेरिअल टेस्टिंग करतो, त्याला लाखोंची मशीन लागतात. इथे एका काडीत काम झालं.

मग भिंगातून वीण बघायची. साधी वीण असेल तर एक वर, एक खाली. ट्विल असेल (आपली जीन्स ट्विलचीच असते) तर वर-खाली जाण्याचा क्रम प्रत्येक ओळीत एकेक धाग्याने सरकतो आणि तिरप्या रेघा तयार होतात. रफूगराला हा क्रम तोंडपाठ असावा लागतो, कारण एका ठिकाणी एक धागा जरी चुकला, तरी ती तिरपी रेघ मोडते, आणि आपला डोळा नेमका तिथेच जातो. माझ्या कोटाची वीण साधी होती. चौकटीचं कापड असेल तर काम आणखी अवघड. रेघेच्या रंगाचा धागा रेघेतच यायला हवा.

त्यानंतर खरं काम. आणि इथे मी चाचांकडे तासभर बसून जे पाहिलं, ते मला सगळ्यात आवडलं. मायेतून काढलेला धागा असतो जेमतेम चार-पाच सेंटीमीटर. तो सुईत ओवून विणायला लागलात, तर सुईच्या लांबीतच तो संपतो. मग करायचं काय? चाचा आधी धागा ओवतच नाहीत. ते नुसती रिकामी सुई कापडातून विणत नेतात : एक वर, एक खाली, फाटलेल्या जागेच्या एका बाजूच्या चांगल्या कापडातून सुरुवात करून, फाटलेली जागा ओलांडून, पलीकडच्या चांगल्या कापडात. सुईची वाट पूर्ण झाली आणि नुसतं नेढं बाहेर राहिलं, की मग त्यात तो आखूड धागा ओवतात आणि सुई ओढून घेतात. धागा त्याच वाटेने सरकन जाऊन बसतो. आधी वाट, मग धागा. अशी ऐंशी वेळा.

गाठ कुठे आहे?

मी विचारलं, "चाचा, शेवटी गाठ कुठे मारता?"

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं व्हायवाला एक्स्टर्नल पाहतो. "गाठ मारली तर हाताला लागेल, इस्त्रीने चमकेल. गाठ नाही मारायची."

"मग सुटत नाही?"

"कसा सुटेल? दोन्हीकडे धरलाय की."

याचं उत्तर आपल्या सिलॅबसमध्ये आहे. फर्स्ट इयरच्या मेकॅनिक्समधलं पट्टा आणि पुलीचं समीकरण आठवा : घर्षणामुळे दोन टोकांच्या ताणाचं गुणोत्तर e चा घात μθ एवढं येतं. विणलेल्या कापडात प्रत्येक धागा समोरच्या धाग्यांवरून वळत-वळत जातो. प्रत्येक वळण म्हणजे एक छोटी पुली. समजा नवा धागा चांगल्या कापडात आठ मिलिमीटर आत नेला, तर वीसेक धागे ओलांडले जातात. प्रत्येक वळणाचा कोन ३० अंश आणि μ ०.३ धरला, तर वीस वळणांत पकड सुमारे २३ पट होते. तीच लांबी निम्मी केली, दहा वळणं, तर पकड जेमतेम पावणेपाच पट. म्हणजे लांबी निम्मी केल्यावर पकड निम्मी नाही, एक पंचमांश होते! आकडे मी धरलेले आहेत, कापडागणिक ते बदलतील. पण घातांक आपलं काम करतोच. चाचांना समीकरण माहीत नाही. पण "आतमध्ये एवढं तरी जायलाच पाहिजे" म्हणून ते करंगळीच्या नखाची रुंदी दाखवतात.

आम्हा सिव्हिलवाल्यांना तर हे वाचून दुसरंच काहीतरी आठवेल. स्लॅबमध्ये एक सळई संपते तिथे दुसरी सुरू करताना आपण दोन्ही शेजारी-शेजारी काही अंतर एकावर एक घेतो, त्याला लॅप म्हणतो. आयएस ४५६ : २००० मध्ये त्या लांबीचा नियम दिला आहे, आणि सगळे लॅप एकाच रेषेत घेऊ नका, मागे-पुढे ठेवा, असंही बजावलं आहे. एकाच रेषेत सगळे जोड आले तर तीच रेषा कमजोर. रफूतही हुबेहूब तेच! चाचा एक धागा सहा मिलिमीटर आत नेतात, शेजारचा नऊ, पुढचा सात. सगळे एकाच ठिकाणी संपवले तर तिथे जाडी वाढून एक कड तयार होते, उजेडात दिसते आणि झिजायलाही तिथूनच सुरुवात होते. कोड वाचून आपण जे पाठ करतो, ते या माणसाच्या बोटांना आधीच माहीत होतं.

एक सेंटीमीटर लांब-रुंद भोकाचा हिशोब मी गंमत म्हणून केला. वर धरलेल्या घनतेला ४७ नवे धागे लागतात, आणि दोन्हीकडचे आठ-आठ मिलिमीटरचे लॅप धरून सुई जवळजवळ २३०० वेळा 'वर की खाली' हा निर्णय घेते. बोटाच्या पेराएवढ्या जागेसाठी! एवढं झाल्यावर कपडा उलटा करून धाग्यांची टोकं छाटायची, सुईच्या टोकाने धागे हलके सारखे करायचे, आणि ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री. लोकर वाफेने फुलते आणि नवे-जुने धागे एकमेकांत बसतात. म्हणूनच लोकरी सुटिंग आणि शालींवर रफू सगळ्यात छान बसतो. पातळ, गुळगुळीत शर्टिंगवर किंवा सॅटिनवर तो लपवणं अवघड, कारण तिथे लपायला लव नसते. आणि टी-शर्ट, स्वेटर यांना तर हा रफू चालतच नाही. ते विणीचे नव्हे, फासांचे कपडे. तिथे फास उचलावे लागतात, ते शास्त्रच वेगळं.

काश्मीर, नजीबाबाद आणि पॅरिस

चाचांचे वडील उत्तर प्रदेशातल्या बिजनौर जिल्ह्यातल्या नजीबाबादहून पुण्याला आले. गावाचं नाव ऐकून कान टवकारले असतील तर बरोबर आहे. पानिपताच्या इतिहासात ज्याच्या नावाने आपण बोटं मोडतो, त्याच नजीबखानाने, नजीबउद्दौल्याने, वसवलेलं हे गाव. रफूगरांचं गाव म्हणून ते ओळखलं जातं. तिथले कारागीर पिढ्यानपिढ्या देशभर फिरून जुन्या पश्मिना शाली दुरुस्त करत आले आहेत. दिल्लीच्या वस्त्रकलावंत प्रिया रवीश मेहरा यांनी या कारागिरांच्या कामाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आणि ते लोकांपुढे आणलं. २०१८ साली त्यांचं निधन झालं.

पण रफूगर नुसते फाटलेलं जोडत नव्हते. काश्मीरच्या कानी शाली इतक्या गुंतागुंतीच्या असत, की एक अखंड शाल एका मागावर विणायला फार वेळ लागे. म्हणून एकोणिसाव्या शतकात एका शालीचे वेगवेगळे तुकडे वेगवेगळ्या मागांवर एकाच वेळी विणून घेत आणि मग रफूगर ते असे जोडत, की जोड शोधून सापडू नये. आपल्या भाषेत, पॅरलल प्रोसेसिंग आणि शेवटी इंटिग्रेशन! ईस्ट इंडिया कंपनीचा पशुवैद्य विल्यम मूरक्रॉफ्ट १८२२-२३ मध्ये काश्मीरला राहिला होता. शाल-धंद्यातल्या कारागिरांची तपशीलवार माहिती त्याने लिहून ठेवली आहे. त्याआधी, १८०३ च्या सुमाराला, ख्वाजा युसुफ नावाचा एक आर्मेनियन व्यापारी काश्मीरला आला आणि नक्षी विणण्याऐवजी साध्या शालीवर सुईने काढून घ्यायची कल्पना त्याने रुजवली. ते काम करायला हात कुणाचे? तर रफूगरांचे. पुढे १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धानंतर युरोपातली शालींची मागणी बसली, १८७७ ते ७९ च्या दुष्काळाने काश्मीरचे विणकर उद्ध्वस्त झाले. नव्या शाली कमी झाल्या, पण ज्या होत्या त्या फाटत राहिल्या. रफू राहिला.

हे काम फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानमध्ये त्याला 'काकेत्सुगी' म्हणतात. फ्रेंचमध्ये 'स्टॉपाज'. या फ्रेंच शब्दाची एक गंमत आहे. मार्सेल द्यूशाँ या चित्रकाराने १९१३-१४ मध्ये एक मीटर लांबीचे तीन दोरे एक मीटर उंचीवरून कॅनव्हासवर सोडले, ते जसे वेडेवाकडे पडले तसेच चिकटवले, आणि म्हणाला, ही माझी मीटरची नवी मापं! त्या कलाकृतीच्या नावात त्याने हाच 'स्टॉपाज' शब्द घातला. ती आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. मेट्रॉलॉजीच्या सरांना ही गोष्ट सांगून पाहा, आणि मार्क किती कापतात ते मलाही कळवा.

आणि आपल्या घरात? आजीची पैठणी आठवा. मधलं रेशीम विरतं, पण काठ-पदर टिकतो. मग काठ-पदर काढून नव्या कापडावर चढवतात, नाहीतर रफू करून आणखी दहा वर्षं ओढतात. पैठणीचा रफू सुटिंगपेक्षा अवघड. रेशमाला लव नाही, आणि जर तुटली की तसली जर मिळणं कठीण.

कोटाचं गुपित

आता त्या पहिल्या दिवसाकडे परत येतो. चाचा कोट उलटा करून आतली माया तपासत होते, ते एकदम थांबले.

"याच्यावर आधी एकदा रफू झालाय."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "आमच्या घरी कुणाला माहीत नाही."

त्यांनी खालच्या दुमडीतली माया दाखवली. एका बाजूचं कापड झिरझिरीत झालेलं, उभे-आडवे धागे काढून घेतलेले. "हे धागे कुठेतरी गेलेत ना?" मग त्यांनी कोट दिव्यासमोर धरला आणि बोटाने चाचपत-चाचपत डाव्या बाहीच्या मनगटाजवळ थांबले. मला काहीच दिसेना. त्यांनी कापड आतून दाखवलं, तेव्हा वाटाण्याएवढ्या जागेत धाग्यांची छाटलेली टोकं दिसली. "चांगलं काम आहे," ते म्हणाले, आणि त्या जागेवरून एकदा अंगठा फिरवला. "जळालं होतं."

त्या रात्री मी बाबांना फोन केला. आधी रिक्षाची गोष्ट सांगून टाकली, कारण आता विचारायचंच होतं. बाबा दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग दबक्या आवाजात म्हणाले, "आई जवळ नाही ना तुझ्या?" मी पुण्यात, आई साताऱ्यात, ती माझ्याजवळ कशी असेल! मग कळलं. २००१ साली वरातीत भुईनळ्याची ठिणगी बाहीवर पडली. सासऱ्यांनी दिलेला कोट, पहिल्याच दिवशी जळालेला! आईच्या माहेरी कळलं असतं तर काय वाटलं असतं? आजोबांनी दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडली, कोट पुण्याला नेला, रफू करून आणला, आणि सत्यनारायणाच्या पूजेनंतर सगळ्यांसमोर बाबांच्या अंगावर चढवला. आईला अजून माहीत नाही. (आई हा अंक वाचेल तेव्हा कळेलच. बाबा, सॉरी.)

आजोबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांचे फोटो आहेत, घड्याळ आहे. पण त्यांची ही धावपळ कुणालाच दिसू नये म्हणून केलेली होती, आणि ती कोटाच्या मनगटात चोवीस-पंचवीस वर्षं तशीच होती.

आजोबा कोणत्या दुकानात गेले होते ते बाबांना आठवत नाही. मी चाचांना विचारलं, "तुमच्याच वडिलांचं काम असेल का?" चाचा हसले. "सांगता येत नाही. ज्याने केलं त्याने नाव लिहिलेलं नाही."

चित्रकार चित्राखाली सही करतो. आपण प्रोजेक्ट रिपोर्टवर चौघांची नावं रोल नंबरसकट छापतो, त्यात एकाने काही केलेलं नसलं तरी. आणि इथे काम जितकं उत्तम, तितकं ते केलं हे सिद्ध करणं अवघड. बऱ्याच गिऱ्हाइकांना कपडा परत दिल्यावर जागा सापडत नाही, तेव्हा काही जण म्हणतात, "एवढुशा कामाचे साडेतीनशे?" चाचांच्या धंद्यातली ही खरी अडचण. दिसलं तर काम वाईट, न दिसलं तर पैसे जास्त!

चाचांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो. बसतो तोही मांडीवर उशी घेऊन, भिंगाखाली, बारीक चिमट्याने. मी म्हटलं, म्हणजे धंदा तोच. चाचा म्हणाले, "नाही. त्याला पार्ट विकत मिळतो. मला कुणी पार्ट विकत नाही." शिकायला कुणी येत नाही का, विचारलं. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा आला होता. तीन महिने बसला. हात बसायला चार-पाच वर्षं लागतात हे कळल्यावर परत आला नाही. चाचा त्याला दोष देत नाहीत. त्यांच्याही डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आणि काळ्या कापडावरचं काम ते आता फक्त दिवसा उजेडी घेतात.

जाता जाता

ठरल्या दिवशी संध्याकाळी कोट मिळाला. 'एल' कुठे होता ते मला माहीत होतं, तरी शोधायला वेळ लागला. इंटरव्ह्यूचं विचाराल, तर दुसऱ्या राउंडला बाहेर पडलो. पण त्यात कोटाचा काहीही दोष नव्हता. निदान एक झालं, पॅनेलवरच्या एकानेही बाहीकडे पाहिलं नाही.

मित्रहो, तुमच्यावर अशी वेळ येईल तेव्हा कामाला येतील अशा चार गोष्टी, चाचांच्या सांगण्यावरून. फाटलेल्या जागेचे लोंबणारे धागे कात्रीने कापू नका. रफूगराला वीण आणि लांबी त्यावरूनच कळते. फेविक्विक तर चुकूनही नको; कापड कडक होतं आणि त्यातून सुई जात नाही. फाटलेला कपडा तसाच धुवायला टाकू नका. कडा उसवतात आणि 'एल'चं भोक होतं. आणि कोट-पँट शिवून घेताना शिंप्याला दोन गोष्टी सांगा : माया भरपूर ठेव, आणि उरलेल्या कापडाचा हातभर तुकडा परत दे. तो तुकडा कपाटात पडून राहील, कदाचित कधीच लागणार नाही. आपण मशीन घेताना स्पेअर पार्ट मिळतील ना हे विचारतो, तसंच हे.

माझ्या कोटाच्या बाबतीत ते आता उशिराचं आहे. पैसे देताना चाचांनी मला आतल्या खिशातली कागदाची एक पुडी दाखवली. तिच्यात राखाडी धागे होते, मोजून अकरा.

"मायेतून निघाले तेवढे सगळे काढून ठेवलेत. हरवू नकोस. यानंतर या कोटात धागा नाही."

पुडी मी त्याच खिशात ठेवली आहे. कोट दिवाळीला घरी नेऊन बाबांच्या कपाटात टांगला. बाबांनी दार लावलं, कोट खिडकीपाशी नेला, आणि माझी जागा शोधत बसले. मी त्यांना सांगितली नाही.